चौदाव्या दिवसानंतर

आयव्हीएफमध्ये भ्रूण गर्भाशयात सोडल्यानंतर, म्हणजे ट्रान्सफरनंतर, साधारण चौदाव्या दिवशी रक्त द्यायचं असतं. सकाळी नमुना दिला की दुपारपर्यंत रिपोर्ट येतो. हल्ली तो थेट मोबाइलवर येतो. पानभर मजकुरात बघायचा असतो तो एकच आकडा, बीटा एचसीजीचा. तो 5 च्या खाली असला की समजायचं, यावेळी राहिलं नाही. बायको बँकेच्या काउंटरवर बसलेली असते, नवरा कंपनीच्या पार्किंगमध्ये हेल्मेट हातात धरून उभा असतो, आणि दोघं दोन ठिकाणी तो आकडा वाचतात. मग ती समोरच्या आजोबांचं पासबुक भरून देते. तो वर जाऊन मीटिंगला बसतो. संध्याकाळी घरी भाजी चिरली जाते, कुकर लागतो. या घरात आज काय घडलं, हे शेजारच्या दाराला कळत नाही, कारण उपचार चालू आहेत हेच मुळी कुणाला सांगितलेलं नसतं.

आपल्याकडे घरातलं माणूस गेलं की चूल पेटत नाही. शेजारून पिठलं-भात येतो. दहा दिवस सुतक असतं. भेटायला येणाऱ्याला काय बोलावं ते सुचलं नाही तरी तो येतो, सतरंजीवर भिंतीला टेकून बसतो, पाणी पितो आणि जातो. दुःख करायला त्या घराला मुदत मिळते, जागा मिळते, माणसं मिळतात. आयव्हीएफची सायकल, म्हणजे उपचारांची एक फेरी, फसते तेव्हा यातलं काहीच नसतं. गेलं तरी कोण, असं कुणी विचारलं तर काय सांगायचं? पाच दिवसांचं एक भ्रूण, मोहरीच्या दाण्याहूनही कितीतरी लहान. ते आत सोडताना सोनोग्राफीच्या पडद्यावर एक पांढरा ठिपका लकाकला होता आणि दोघांनी तो श्वास रोखून पाहिला होता. त्या ठिपक्याला मनातल्या मनात नाव ठेवून झालेलं असतं. नोव्हेंबरमध्ये डिलिव्हरी म्हणजे दिवाळीत बाळ घरात, हा हिशेब झालेला असतो.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ पॉलीन बॉस यांनी 1970 च्या दशकात व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या बायकांसोबत काम केलं. नवरा मेला म्हणून रडता येत नाही, परत येईल म्हणून जगता येत नाही, अशी त्यांची अवस्था होती. तिला बॉस यांनी जे नाव दिलं त्याचा मराठीत अर्थ ‘संदिग्ध हानी’ असा होईल. धड संपलेलं नाही आणि धड हातातही नाही, असं दुःख. मूल होण्यासाठी उपचार घेणाऱ्यांच्या मनाबद्दल पुढे ज्यांनी लिहिलं, त्यांनाही हीच कल्पना जवळची वाटली. दर महिन्याला आशा, दर महिन्याला पाळी. शोक करायला बसावं तर पुढच्या सायकलची तारीख ठरलेली असते.

हे थोड्या लोकांचं दुखणं नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं 2023 साली जगभरातले अभ्यास एकत्र करून अंदाज काढला, की प्रौढांपैकी सुमारे 17.5 टक्के, म्हणजे दर सहांतल्या एकाला आयुष्यात कधी ना कधी वंध्यत्वाला तोंड द्यावं लागतं. कोणतंही साधन न वापरता बारा महिने नियमित संबंध ठेवूनही दिवस राहिले नाहीत, तर त्याला वंध्यत्व म्हणतात. आपण राहतो त्या सोसायटीच्या प्रत्येक विंगेत अशी दोन-तीन दारं असणार. त्यांच्या मनावर किती भार असतो, याचं एक जुनं मोजमाप आहे. अ‍ॅलिस डोमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या स्त्रियांच्या चिंतेची आणि खिन्नतेची तुलना इतर आजारांच्या रुग्णांशी केली होती. हा भार कर्करोगाच्या आणि हृदयविकाराच्या रुग्णांइतकाच निघाला. कर्करोग झालेल्या बाईला आपण ‘एवढं काय मनाला लावून घेतेस’ असं म्हणत नाही.

आणि इथेच मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट येते. उपचार घेणाऱ्या स्त्रीला सर्वांत जास्त मिळणारा सल्ला म्हणजे ‘टेन्शन घेऊ नकोस, आपोआप होईल’. आई म्हणते, सासूबाई म्हणतात, ऑफिसातली मैत्रीण म्हणते, कधी दवाखान्यातल्या सिस्टरही म्हणतात. सगळ्या मायेनंच म्हणतात. पाठोपाठ एखादी हकिगत येते: अमकीनं दत्तक घेतलं आणि वर्षात दिवस गेले; तमकी उपचार सोडून कोकणात जाऊन राहिली आणि राहिलं. अशा हकिगती खऱ्या असतात. पण ज्यांनी दत्तक घेतलं आणि नंतर काहीच झालं नाही, जे कोकणात जाऊन तसेच परत आले, त्यांच्या हकिगती कुणी सांगत नाही, म्हणून त्या कानावर येत नाहीत.

या समजुतीची नीट तपासणी झालेली आहे. कार्डिफ विद्यापीठाच्या जॅकी बॉयविन आणि सहकाऱ्यांनी 2011 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये 14 अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. त्यात 3583 स्त्रिया होत्या. आयव्हीएफसारखे उपचार सुरू होण्याआधी ज्या फार तणावात होत्या आणि ज्या नव्हत्या, त्यांच्यात गर्भ राहण्याच्या बाबतीत फरक आढळला नाही. सायकल फसते ती बहुतेक वेळा भ्रूणातल्या गुणसूत्रांच्या दोषामुळे, बीजांडाच्या वयामुळे, गर्भाशयाच्या किंवा शुक्राणूंच्या अडचणीमुळे. तिनं परवा रडून रात्र काढली म्हणून नव्हे. जिना चढली म्हणून नव्हे, स्कूटरवर बसली म्हणून नव्हे, नणंदेशी भांडली म्हणूनही नव्हे.

हे प्रत्येक दवाखान्याच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावावं असं मला वाटतं. कारण ‘टेन्शन घेऊ नकोस’ या वाक्याचा उलटा अर्थ त्या बाईला बरोबर ऐकू येतो: राहिलं नाही, म्हणजे तू टेन्शन घेतलंस. हार्मोनची इंजेक्शनं पोटात टोचून घ्यायची, दिवसाआड सोनोग्राफीला जायचं, भूल घेऊन बीजांडं काढून घ्यायची, लाखांचे आकडे ऐकायचे, आणि एवढं करून मन मात्र शांत ठेवायचं. नाही ठेवता आलं तर दोष आपला. दुःखाच्या वर अपराधीपणाचा आणखी एक थर.

मग मानसिक आधार कशासाठी? तो गर्भ राहावा म्हणून द्यायचा नाही. रिपोर्ट कसाही येवो, त्यातून जाणारी दोन माणसं शाबूत राहावीत, एकमेकांची राहावीत, यासाठी तो द्यायचा. योगासनं, प्राणायाम, सकाळचं फिरणं यांनी झोप सुधारते, दिवस सुसह्य होतो. त्यासाठी ते अवश्य करावं. पण ‘यानं नक्की राहील’ म्हणून कुणी ते विकत असेल तर तिथून उठून यावं.

आधाराची सुरुवात खऱ्या आकड्यांपासून होते. ब्रिटनमध्ये या उपचारांवर देखरेख करणारी सरकारी संस्था आकडे प्रसिद्ध करते. 2019 साली तिथे 35 वर्षांखालच्या स्त्रियांमध्ये, गर्भाशयात सोडलेल्या दर भ्रूणामागे बाळ जन्माला येण्याचं प्रमाण 32 टक्क्यांच्या आसपास होतं. वय वाढतं तसं ते उतरतं आणि त्रेचाळिशीनंतर स्वतःच्या बीजांडांनी पाच टक्क्यांच्याही खाली जातं. म्हणजे तरुण बाईच्या बाबतीतही एका प्रयत्नात अपयश येणं हीच जास्त शक्यता. हे आधी कुणी समोर बसवून सांगितलं असेल, तर पहिल्या ‘निगेटिव्ह’ला पायाखालची जमीन थोडी कमी सरकते. तीन सायकलींचा विचार करून पैशांची आणि मनाची तयारी करणारं जोडपं आणि ‘पहिल्या फटक्यात होईल’ म्हणून एफडी मोडणारं जोडपं, यांच्या दुःखात खूप फरक पडतो. पैशांचं मी मुद्दाम बोलते आहे. एका सायकलीला दीड-दोन लाख आणि त्याहूनही जास्त लागतात, आरोग्य विम्यात हा खर्च बहुधा बसत नाही, आणि नवरा-बायकोतली पुष्कळ भांडणं वरकरणी डॉक्टर बदलण्यावरून होत असली तरी मुळात पैशांवरून असतात.

आता नवऱ्याकडे येऊ. वंध्यत्वाच्या जवळपास निम्म्या प्रकरणांत पुरुषाच्या बाजूचा दोष एकटा किंवा बाईच्या दोषाबरोबर असतो. पण फाइल बाईच्या नावानं उघडते, प्रश्न बाईला विचारले जातात, नवसाची ओटी तिच्याकडून भरून घेतली जाते. वीर्यतपासणीत शुक्राणूच सापडले नाहीत असा रिपोर्ट आला, तरी कित्येक बायका तो घरात कुणाला कळू देत नाहीत. ‘माझ्यातच दोष आहे’ असं सांगून सासरचे टोमणे वर्षानुवर्षं सोसतात. हे प्रेम आहे, आणि ते फार महाग पडतं. त्या पुरुषालाही ते पेलत नाही. आपली झाकलेली गोष्ट बायको अंगावर घेते आहे, हे त्याला रोज दिसत असतं. मित्रांत या विषयावर त्याला तोंड उघडायची सोय नसते. पुरुषार्थ आणि शुक्राणूंची संख्या या दोन गोष्टींचा काही संबंध नाही, हे त्याला कुणीतरी स्पष्ट शब्दांत, एकट्याला गाठून सांगायला हवं. भाऊ सांगू शकतो, मित्र सांगू शकतो. डॉक्टरांनी तर सांगायलाच हवं.

बाई बोलून मोकळी होऊ पाहते, पुरुष गप्प राहून सावरू पाहतो. तिला वाटतं, याला काहीच वाटत नाही. त्याला वाटतं, मीही रडलो तर हिला कोण धरणार. दोघंही एकाच खोलीत एकटे. शिवाय ‘आज पाळीपासूनचा चौदावा दिवस’ म्हणून जवळ यायचं, डॉक्टरांनी सांगितलेल्या रात्रीच यायचं, असं दोन-तीन वर्षं चाललं की शरीरसंबंधातला आनंद निघून जातो. याबद्दल कुणी विचारत नाही आणि कुणी सांगतही नाही. समुपदेशक यावर एक साधी युक्ती सुचवतात. रोज संध्याकाळी वीस मिनिटं, घड्याळ लावून, या विषयावर बोलायचं. त्या वीस मिनिटांत नवऱ्यानं ऐकायचं, उपाय सुचवायचा नाही. वीस मिनिटं झाली की विषय बंद; मग सिनेमा, भाजी, शेजाऱ्यांची भांडणं, काहीही. त्याला शेवट दिसतो म्हणून तो ऐकू शकतो, आणि तिची वीस मिनिटं हक्काची असतात म्हणून तिला दिवसभर विषय उकरावा लागत नाही. आणि महिन्यातले काही दिवस असे ठेवावेत, की ज्या दिवशी जवळ येण्याचा आणि मुलाचा काही संबंध नसेल.

घरच्यांनी काय करावं, याचं उत्तर हळदीकुंकवाच्या खोलीत सापडेल. संक्रांतीला बायका जमलेल्या असतात, वाण वाटलं जातं. कुणीतरी विचारतं, ‘काय गं, काही विशेष?’ किंवा ‘पाळणा कधी हलायचा?’ मग कुणाच्या तरी डोहाळजेवणात हिला बाजूला ठेवून दुसरीला ओटी भरायला बोलावलं जातं. ‘वांझ’ हा शब्द आता उघडपणे कुणी उच्चारत नाही. पण ताट उचलून पुढे जाणारा हात तोच शब्द उच्चारतो. यजमानीण बाईला हे थांबवता येतं. तिनं फक्त सगळ्यांना जसं बोलवायचं तसं हिलाही बोलवायचं, आणि ‘विशेष’ विचारणाऱ्या मावशींना चहाला आत न्यायचं.

मैत्रिणीला दिवस गेले असतील तर ती बातमी समोरासमोर, चार जणींत सांगू नये. आधी मेसेज करावा: ‘तुला माझ्याकडूनच कळावं असं वाटलं. लगेच काही बोलू नकोस, वाटेल तेव्हा फोन कर.’ म्हणजे तिला बाथरूममध्ये जाऊन रडायला, तोंड धुवायला आणि मग मनापासून अभिनंदन करायला वेळ मिळतो. दोन्ही भावना खऱ्या असतात. बारशाचं आमंत्रण जरूर द्यावं आणि आली नाही तर कारण विचारू नये.

सासूबाईंशी कोण बोलणार, हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक घरात येतो. माझं मत स्पष्ट आहे: आपापल्या आईशी ज्यानं त्यानं बोलावं. ‘आई, आमचे उपचार चालू आहेत. काही सांगण्यासारखं झालं तर पहिलं तुलाच सांगेन, तोवर विचारू नकोस,’ हे वाक्य मुलाच्या तोंडून गेलं तर घर शांत राहतं. तेच सुनेच्या तोंडून गेलं तर महिनाभर पुरतं.

सांगायचं की लपवायचं, हा पेच या उपचारांइतकाच जुना आहे. 1978 साली कोलकात्यात डॉ. सुभाष मुखर्जी यांच्या प्रयत्नांतून भारतातलं पहिलं टेस्ट ट्यूब बाळ जन्माला आलं, जगातलं पहिलं असं बाळ, इंग्लंडमधली लुईस ब्राऊन, हिच्यानंतर जेमतेम सत्तर दिवसांनी. पण ‘दुर्गा’ या नावाआडची ती मुलगी कोण, हे ती 25 वर्षांची होईपर्यंत जगासमोर आलं नाही. मुखर्जींच्या दाव्यावर तेव्हा विश्वास ठेवला गेला नाही, त्यांचा छळ झाला, आणि 1981 साली त्यांनी आत्महत्या केली. 6 ऑगस्ट 1986 रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून, याच तंत्रानं, हर्षा चावडा जन्मली, ती मात्र नावानिशी सगळ्या देशाला माहीत झाली. 2016 साली तिला स्वतःला बाळ झालं तेव्हाही प्रसूती डॉ. हिंदुजांनीच केली. एका मध्यमवर्गीय घरानं तेव्हा उजेडात उभं राहायचं ठरवलं, याचं मला फार अप्रूप वाटतं. तरी प्रत्येकानं असं जगाला सांगितलंच पाहिजे, असं नाही. एक बहीण, एक मित्र, एखादी शेजारीण पुरे. बीटाच्या दिवशी ज्याला फोन करता येईल असं एक माणूस हवं.

हे माणूस त्याच वाटेवरून गेलेलं असेल तर आणखी बरं. अमेरिकेत 1974 साली बार्बरा मेनिंग या परिचारिकेनं, स्वतः हे भोगल्यावर, अशा लोकांना एकत्र बोलावायला सुरुवात केली आणि त्यातून ‘रिझॉल्व्ह’ ही संस्था उभी राहिली. आपल्याकडे हे काम बहुतेक वेळा दवाखान्याच्या प्रतीक्षाकक्षात आपोआप होतं. सोनोग्राफीच्या रांगेत शेजारी बसलेली बाई विचारते, ‘तुमची कितवी?’ आणि दहा मिनिटांत दोघी एकमेकींना ते सांगतात जे आईलाही सांगितलेलं नसतं.

समुपदेशन ही दवाखान्याची मेहरबानी नाही, हेही माहीत असू द्या. 2021 च्या साहाय्यित प्रजनन तंत्रज्ञान नियमन कायद्यानुसार, उपचाराचे सगळे परिणाम आणि त्या दवाखान्यातली यशाची शक्यता यांबद्दल व्यावसायिक समुपदेशन देणं, आणि फायदे, तोटे, खर्च, धोके सांगणं दवाखान्यावर बंधनकारक आहे. ते सही घेण्यापुरतं पाच मिनिटांत उरकलं जात असेल तर थांबून म्हणावं: आम्हाला समुपदेशकांशी सविस्तर बोलायचं आहे, दोघांना एकत्र आणि मग वेगवेगळं. युरोपातल्या प्रजननतज्ज्ञांच्या संघटनेनं 2015 साली काढलेल्या मार्गदर्शक सूचनांतही मनाची काळजी हा रोजच्या उपचारांचाच भाग मानला आहे. ती डॉक्टर, नर्स, स्वागतकक्षातला माणूस अशा सगळ्यांनी घ्यायची असते. ‘निगेटिव्ह’ कळवायला फोन कोण करतं, कोणत्या आवाजात करतं, यानंही फरक पडतो.

वाट पाहण्याचे ते चौदा दिवस सगळ्यांत अवघड, असं बहुतेक बायका सांगतात. इंजेक्शनांच्या दिवसांत निदान काही करायला असतं. आता फक्त वाट पाहायची. छाती दुखली तर आशा, नाही दुखली तर भीती. प्रत्यक्षात प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्यांमुळेही छाती दुखते, त्यामुळे अंगाची कोणतीच खूण भरवशाची नसते. या दिवसांसाठी डेबोरा लँकॅसल आणि जॅकी बॉयविन यांनी एक छोटं कार्ड तयार केलं. त्यावर दहा वाक्यं असतात आणि ते सकाळ-संध्याकाळ वाचायचं असतं. सगळं चांगलंच होईल असं ते सांगत नाही. या परिस्थितीत आजच्या दिवसात धरून ठेवण्यासारखं काय आहे, याकडे ते लक्ष वळवतं. असं कार्ड आपण घरीही लिहू शकतो. बीटाचा रिपोर्ट कामाच्या ठिकाणी एकट्यानं उघडायचा नाही, एवढं तरी त्यावर लिहावंच. त्या दिवशी शक्यतो अर्धी रजा घ्यावी, रिपोर्ट घरी, शेजारी बसून वाचावा.

काही खुणा मात्र वाट न पाहता ओळखाव्यात. दोन आठवडे झोप नाही, खाणं सुटलं, कशातच लक्ष नाही, जगण्यात अर्थ नाही असं तोंडून येऊ लागलं, तर तो नुसता उदासपणा राहिलेला नाही. मानसोपचारतज्ज्ञांकडे जावं, आणि आधीपासून चालू असलेल्या गोळ्या ‘बाळासाठी’ म्हणून स्वतःच्या मनानं बंद करू नयेत. केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक चोवीस तास, मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

शेवटचा विषय थांबण्याचा. किती सायकली करायच्या, हे सुरुवातीलाच, शांत असताना, दोघांनी ठरवून कागदावर लिहिलेलं बरं. तो आकडा पुढे बदलला तरी चालतो. थांबणं म्हणजे हरणं असं घरातले म्हणतात, कधी दवाखानाही आणखी एकदा करून पाहू म्हणतो. पण शरीर, पैसा आणि संसार यांतलं काहीतरी संपत आलंय, हे त्या दोघांनाच कळतं. थांबल्यानंतर लगेच ‘मग दत्तक घ्या’ म्हणू नये. दत्तक हा सुंदर निर्णय आहे, मात्र तो सावकाश, त्याच्यासाठी म्हणून घ्यायचा असतो. आयव्हीएफच्या जागी भरायची ती गोष्ट नव्हे.

थांबल्यावरही एक गोष्ट उरते, तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. काही जोडप्यांची भ्रूणं द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवलेली असतात. कायद्यानं ती जास्तीत जास्त दहा वर्षं ठेवता येतात, आणि त्याआधी भरलेल्या फीची मुदत संपत आली की दवाखान्याचं पत्र येतं: पुढे ठेवायची, संशोधनाला द्यायची की नष्ट करायची? नूतनीकरणाची फी इतकी, इथे दोघांनी सही करावी. एव्हाना फ्रिजच्या दारातली इंजेक्शनांची जागा लोणच्याच्या बरणीनं घेतलेली असते. सगळं मागे पडलं असं वाटत असतं, आणि एका साध्या सोमवारी ते पत्र जेवणाच्या टेबलावर पडतं. ते दोघांनी कधी कधी महिनाभर न उघडता तसंच ठेवलेलं असतं. तुम्हाला हे ठाऊक असेल, आणि ती तुमची बहीण किंवा तो तुमचा मित्र असेल, तर त्या संध्याकाळी जाऊन बसा. पिठलं-भात घेऊन गेलात तरी चालेल.